संध्याकाळपर्यंत

1817 च्या लढाईनंतर खडकीला इंग्रजांची छावणी वसली. 1869 मध्ये दारूगोळ्याचा कारखाना आला आणि पोटासाठी गावोगावची माणसं बाजाराभोवती राहू लागली. त्यांतलंच एक मराठी ख्रिस्ती घर. घरात आजी आणि कारखान्यात कामाला जाणारा तिचा नातू.

नातू फार नेटका. कामावरून आला की बूट दाराबाहेर आणि कोपरापर्यंत साबण. पवित्र शास्त्रातली लेवीय आणि गणना ही पुस्तकं लोक भरभर उलटतात. त्याला तीच आवडत. काय शिवायचं, काय नाही, किती दिवस वेगळं बसायचं. प्रेताला शिवलेला माणूस सात दिवस अशुद्ध, हे त्याला तोंडपाठ होतं.

एका शनिवारी भर पावसात त्यांच्या ओळीच्या टोकाला राहणारा एक म्हातारा वारला. मागेपुढे कोणी नाही. पायाची जखम चिघळलेली, खोलीत उभं राहवत नव्हतं. शेजारी दाराशी येत आणि परत जात. आजीने बंब पेटवला, बादली भरली.

"चल रे. मला एकटीला त्यांना उचलवणार नाही."

"आजी, उद्या प्रभुभोजन आहे. प्रेताला हात लावून मी तिथे कसा जाऊ?"

आजी रागावली नाही. "शास्त्र काढ. गणना, एकोणिसावा अध्याय. मोठ्याने वाच."

तो वाचू लागला. कधी जू न ठेवलेली, निर्दोष तांबडी कालवड. तिला छावणीबाहेर नेऊन जाळायचं, आगीत गंधसरू, एजोब आणि किरमिजी सूत टाकायचं. राख जपून ठेवायची. वाहत्या पाण्यात ती कालवून, प्रेताला शिवलेल्यावर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी शिंपडायची.

"पुढे?"

पुढे होतं : जाळणारा संध्याकाळपर्यंत अशुद्ध. राख गोळा करणारा संध्याकाळपर्यंत अशुद्ध. पाणी शिंपडणाऱ्यानेही आपले कपडे धुवावेत.

नातू थबकला. ज्या पाण्याने एकजण शुद्ध होतो, त्याच पाण्याने शिंपडणारा विटाळतो? या कोड्यापुढे शहाण्या शलमोन राजानेही हात टेकले, असं यहुदी परंपरा सांगते. मला वाटतं, ज्याने कधी आजाऱ्याचं अंथरूण काढलंय त्याला हे कोडं पडत नाही.

आजी म्हणाली, "लेकराची घाण काढताना आईचे हात भरतातच. ते भरू नयेत म्हणून तिने बाजूला उभं राहायचं का? दुसऱ्याला स्वच्छ करायचं तर आपल्या अंगाला लागणार, हे देवाला ठाऊक होतं. म्हणून त्याने 'कायमचा' असं लिहिलं नाही. 'संध्याकाळपर्यंत' लिहिलं."

"पण प्रेताला शिवलं तर सात दिवस आहेत, आजी."

"सात तर सात. नंतर परत छावणीत घेतातच ना? आणि आपला प्रभू काय करत होता? कुष्ठरोग्याला हात लावला, नाईन गावच्या विधवेच्या पोराच्या तिरडीला हात लावला. शेवटी त्यालाही वेशीबाहेरच मारलं."

नातवाने शास्त्र मिटून कपाळाला लावलं आणि बादली उचलली.

जखम त्यानेच धुतली. आधी मान वळवून, मग नीट बघून. म्हाताऱ्याची नखं काढली, केस विंचरले, आपला धुतलेला सदरा त्याला घातला. तोवर दिवेलागण झाली होती. घरी येऊन त्याने अंघोळ केली, नेहमीसारखीच, कोपरापर्यंत साबण लावून. दुसऱ्या दिवशी सगळी हकिगत ऐकून पाळकसाहेबांनी त्याला भाकरीचा तुकडा आधी दिला.

आजी गेली तेव्हा तिला अंघोळ घालायला ओळीतल्या बायका न बोलावता आल्या. त्या ओळीत आजही कोणी वारलं की लोक रात्री-अपरात्री नातवाचंच दार वाजवतात. बादली दारामागेच असते.