शिट्टी वाजेपर्यंत

गेल्या मे महिन्यात पहूरला घरी गेलो तेव्हा पुतणीसाठी एक स्ट्रॉ नेली होती. पाच वर्षांची आहे ती. दूध पीत नाही, ही घरातली रोजची तक्रार. वहिनी फोनवर दुसरं काही सांगायची नाही, दूधच सांगायची. मग एका रात्री पुण्यातल्या खोलीत मोबाइलवर स्क्रोल करताना ही स्ट्रॉ दिसली आणि मी विचार न करता मागवली.

साधी स्ट्रॉ नव्हती ती. जाड रंगीत नळीला दोन वेढे, मध्ये एक पारदर्शक डबी आणि डबीत छोटीशी चक्री. दूध ओढलं की चक्री फिरायची. पेला संपत आला आणि नळीत हवा शिरली की बारीक शिट्टी वाजायची. खोक्यावर हसऱ्या मुलाचं चित्र होतं आणि वर लिहिलेलं, की आता मुलं शेवटच्या थेंबापर्यंत पितील.

आणि खरंच प्यायली ती! पहिल्या सकाळी अख्खा पेला. शिट्टी वाजली तेव्हा आई ओट्याजवळून म्हणाली, "आली पीजे." पाचोरा-जामनेर छोटी गाडी आमच्या गावावरून जायची, तिला सगळे पीजे म्हणत. २०२० मध्ये ती बंद पडली. पोरीने ती गाडी पाहिलेलीच नाही, पण तिला हे इतकं आवडलं की ती रोज दूध संपवून स्वतःच ओरडायला लागली, "पीजे आली!" वहिनी खूश, दादा खूश. मी तर काय, इंजिनिअर माणूस. घरातला एक जुना बग एका वस्तूने फिक्स केल्यासारखं वाटत होतं.

पाचव्या की सहाव्या दिवशी तिला उलटी झाली.

ऊन होतं, आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आदल्या रात्री कुठल्याशा लग्नात तिने बरंच काही खाल्लं होतं. सकाळी तिने पूर्ण पेला संपवला, शिट्टी वाजवली आणि अंगणात जाऊन सगळं बाहेर काढलं. मी तिचं तोंड धुताना विचारलं, "पोट भरलं होतं तर प्यायलीस कशाला गं?"

ती म्हणाली, "दुखत होतं काका. पण शिट्टी नव्हती ना वाजली."

तसं पाहिलं तर फार मोठं काही घडलं नाही. मुलं ओकतात. दुपारपर्यंत ती पुन्हा बागडायला लागली होती. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तिच्या पोटाने तिला नीट सांगितलं होतं की पुरे. तिला ते ऐकूही आलं होतं. आणि तिने पोटाचं न ऐकता एका चक्रीचं ऐकलं. ती चक्री मी आणून दिली होती.

आता तुम्ही म्हणाल, मुलांना भुलवूनच खाऊ घालतात. हा घास चिऊचा, हा घास काऊचा, याशिवाय कुठलं मराठी मूल वाढलंय? मग चिऊ-काऊ चालतात आणि चक्री चालत नाही, हे कसं? हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारत होतो, आणि सोपं उत्तर मिळत नव्हतं. एक मात्र लक्षात आलं. घास भरवणारी बाई मुलाच्या तोंडाकडे बघत असते. मूल मान फिरवतं, ओठ मिटतं, तेव्हा ती अजून एक चिऊ काढते, अजून एक काऊ काढते, आणि मग कधीतरी म्हणते, बरं जा, झालं. तिच्या खेळात थांबायची जागा आहे. शिवाय चिऊ खरी नाही हे पोरालाही ठाऊक असतं. दोघं मिळून खेळत असतात. चक्रीला समोर कोण आहे हेच माहीत नाही. तिला फक्त पेला रिकामा झालेला कळतो.

(अर्थात आयासुद्धा कधीकधी थांबत नाहीत. त्याबद्दल पुढे बोलू.)

स्ट्रॉबद्दल वाचायला लागलो तर एक छान गोष्ट सापडली. कागदाच्या सरळ स्ट्रॉचं पेटंट अमेरिकेत १८८८ मध्ये मार्विन स्टोन नावाच्या माणसाने घेतलं. पुढची जवळपास पन्नास वर्षं स्ट्रॉ सरळच राहिली. मग १९३० च्या दशकात जोसेफ फ्रीडमन सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आपल्या भावाच्या दुकानात बसला होता. त्याची छोटी मुलगी उंच काउंटरपाशी बसून मिल्कशेक प्यायची धडपड करत होती. स्ट्रॉ सरळ, पेला उंच, तोंड पुरत नाही. फ्रीडमनने घरी जाऊन कागदी स्ट्रॉमध्ये एक स्क्रू घातला, बाहेरून दोरा आट्यांवर घट्ट गुंडाळला, स्क्रू काढून घेतला. स्ट्रॉला चुण्या पडल्या आणि ती वाकायला लागली. १९३७ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढे १९४७ मध्ये पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते एका हॉस्पिटलच्या रूपात, कारण अंथरुणावर पडलेल्या माणसाला मान न उचलता पिता यायला लागलं.

ही गोष्ट वाचून मी उठून बसलो. त्या मुलीला मिल्कशेक हवाच होता. बापाने मुलीला वाकवलं नाही, स्ट्रॉ वाकवली. माझ्या स्ट्रॉचं बरोबर उलटं होतं. पोरीला दूध नको होतं आणि तिला हवंसं वाटावं म्हणून मी नळी पिळून तिला दोन वेढे देऊन आणले होते. दिसायला दोन्ही वस्तू सारख्याच. दोन्ही वाकड्या, दोन्ही एखाद्या मुलीवरच्या मायेपोटी आलेल्या.

आमची स्ट्रॉसुद्धा होती लहानपणी. पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो. तो तोडायचा, दोन्ही टोकं कापायची आणि हौदातलं पाणी ओढायचं. तोंडाला चीक लागायचा, चव कडवट, आई ओरडायची. तरी आम्ही तासन्‌तास प्यायचो आणि कंटाळा आला की तीच नळी पुंगी व्हायची. पाणी प्यावं म्हणून कुणी ती आम्हाला दिली नव्हती. उलट पिऊ नये म्हणूनच सगळे मागे लागायचे. किती प्यायचं ते कुठे लिहिलेलं नव्हतं. हौद काही संपणार नव्हता.

१९८४ मध्ये अमेरिकेत लीन बर्च आणि तिच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. पेय होतं केफिर, म्हणजे आंबवलेलं दूध, आपल्या ताकाच्या कुळातलं. काही मुलांना नुसतं प्यायला दिलं. काहींना सांगितलं की हे प्यायलात तर बक्षीस मिळेल. बक्षिसासाठी प्यायलेल्या मुलांना काही आठवड्यांनी तेच पेय आधीपेक्षा कमी आवडायला लागलं. नुसतं दिलेल्यांचं तसं झालं नाही. बक्षिसाऐवजी तोंडी शाबासकी दिली तरी परिणाम तोच. मुलं हुशार असतात. एखादी गोष्ट करण्यासाठी वर काहीतरी द्यावं लागतंय, म्हणजे ती गोष्ट मुळात वाईटच असणार, एवढा हिशोब पाच वर्षांचं पोर करतं. आमच्याकडेही आठवडाभरात हेच दिसलं. दूध तिला आवडायला लागलं नव्हतं. एका दुपारी तिने दुधात गुपचूप पाणी ओतून पेला भरताना मी पाहिलं, चक्री जास्त वेळ फिरावी म्हणून. चक्री आवडत होती, दुधाचा संबंधच नव्हता.

दुधात घालायच्या पावडरींचंही असंच आहे. दूध गोड आणि चॉकलेटी करून मुलांच्या गळी उतरवायचं, आणि डब्यावर ताकद, उंची, बुद्धी. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की बोर्नव्हिटासकट अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गात दाखवू नका. आमच्या घरातला डबा आहे तिथेच आहे, असो.

खरी अडचण मला पुण्यात परतल्यावर झाली, कारण मी पोटासाठी तेच करतो. मी ज्या अ‍ॅपवर काम करतो त्यात रोज थोडा अभ्यास करायचा असतो. सलग दिवस केलात तर एक ज्योत पेटते आणि आकडा वाढत जातो. एक दिवस चुकलात की ज्योत विझते. ती विझताना थोडी थरथरते, ते अ‍ॅनिमेशन मी लिहिलंय. दोन दिवस घालवले होते त्यावर, आणि ते चांगलं जमलंय.

मागे एका मीटिंगमध्ये एका युजरचा मेल वाचून दाखवला होता. वडील आयसीयूत होते, बाहेरच्या बाकावर बसून रात्री पावणेबाराला तिने धडा पूर्ण केला, कारण दोनशे दिवसांची ज्योत विझू द्यायची नव्हती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तेव्हा मला त्यात काही खटकलं नव्हतं. पहूरहून आल्यावर तो मेल आठवला आणि मला तिचं वाक्य पोरीच्या आवाजात ऐकू आलं. दुखत होतं, पण शिट्टी नव्हती ना वाजली.

मी प्रामाणिकपणे सांगतो, यावर ‘कुणाला कधीच भुलवू नये’ असं मला म्हणता येत नाही. जुलाब झालेलं पोर घ्या. साखर-मिठाचं पाणी त्याला नको असतं आणि ते मिळालं नाही तर ते मरू शकतं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांकरवी आजाऱ्यांना पाजलं, तेव्हा पटकीने मरणाऱ्यांचं प्रमाण एकदम खाली आलं. अशा वेळी चक्री काय, घोडा होऊन नाचायलाही मी तयार आहे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि हवी तेवढी सोंगं. तिथे पोराचं शरीरच पाणी मागत असतं, फक्त जिभेला पटत नसतं. आमच्या सकाळच्या पेल्यात कोण काय मागत होतं? वहिनीला काळजी होती, दादाला वाटत होतं की पोरगी बारीक आहे. पोरीचं वजन वयाच्या मानाने ठीक आहे, अंगणवाडीच्या ताई दरवेळी सांगतात.

आणि आईला पेला रिकामा हवा होता. हे मला नंतर कळलं. आई १९६५ ची. बहात्तरच्या दुष्काळात ती सात वर्षांची होती. आजी-आजोबा सरकारी कामावर खडी फोडायला जायचे, तिथे सुकडी मिळायची. अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी ती आजही नाक मुरडून आठवते. भाकरी घशाखाली उतरायची नाही, पण टाकायची प्राज्ञा नव्हती. ताटात काही ठेवून उठणं हे तिच्या लेखी पाप नाही, त्याहून जास्त काहीतरी आहे. त्यामुळे ‘संपव’ हे ती पोरीला म्हणते तेव्हा त्या शब्दामागे पन्नास वर्षांपूर्वीची एक भूक उभी असते. ती चुकीची कशी म्हणू? पण ती भूक पोरीची नाही. पोरीच्या पोटात ती मावत नाही.

या बाबतीत आई आणि चक्री सारख्याच. दोघींना पेला दिसतो. फरक एवढाच की आईला सांगता येतं.

मी ऑफिसात एक सूचना टाकली: ज्योतीखाली ‘आज सुट्टी’ असं बटण द्यावं, ते दाबलं की ज्योत विझणार नाही. प्रॉडक्टवाल्याने विचारलं, "पण मग लोक रोज येतील कशाला?" मी म्हणालो, ज्यांना शिकायचंय ते येतील. तो हसला. वाईट माणूस नाही तो, त्यालाही एक आकडा दिलेला आहे. सूचना बॅकलॉगमध्ये आहे. मी नोकरी सोडलेली नाही. घराचा हप्ता आहे, आणि खरं सांगायचं तर ती ज्योत मला अजूनही देखणी वाटते.

मेमधली शेवटची सकाळ सांगायची राहिली. उलटीच्या दुसऱ्या दिवशी स्ट्रॉ फडताळावर ठेवून दिली होती. पोरगी रडली, मग विसरली. पेल्यातलं अर्धं दूध प्यायली आणि उरलेलं घेऊन मागच्या दारी गेली. मांजर तिथे वाटच बघत होतं. तिने दूध थाळीत ओतलं आणि वळली तर दारात मी उभा. माझ्या मागे आई.

तिघंही गप्प. मांजर चाटत होतं.

मला वाटलं, आता आई चिडेल. आईने थाळीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग आत तोंड करून वहिनीला हाक मारली, "अगं, उद्यापासून हिला फुलपात्रात देत जा. हा पेला हिच्या बापाचा आहे."