फळ न दिसणारे कर्म

गीतेतल्या फलत्यागावर एक जुना आक्षेप आहे, आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. फळाची ओढच उरली नाही, तर माणूस काम जीव ओतून का करील? रोगी बरा व्हावा ही आस नसलेला वैद्य त्याच्या उशाशी रात्र जागून काढील का? लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले, आणि गीता कर्म टाकायला नव्हे तर करायला सांगते, हे मराठी वाचकाच्या मनावर कायमचे ठसले. पण कर्म करणे वेगळे आणि ते काळजीने करणे वेगळे. फलाशा सोडलेला माणूस काम करील खरा, पण कसेबसे उरकून टाकील, ही शंका त्यानंतरही मागे राहतेच. या शंकेचे उत्तर शोधायला मी असे एक काम निवडतो, ज्यात निष्काळजीपणाला क्षमा नाही: डायव्हरला पाण्याखाली ओढून नेणाऱ्या स्कूटरची जुळणी आणि निगा. माझे म्हणणे असे की ज्या कामाचे फळ डोळ्यांना कधी दिसतच नाही, त्या कामात काळजी टिकवून धरण्याचे बळ फलासक्तीत नसते. ते फलत्यागातूनच येते.

ही स्कूटर म्हणजे टॉर्पेडोसारखे दिसणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र. बंद नळकांड्यात बॅटरी आणि मोटर, मागे कड्याच्या आत फिरणारा प्रोपेलर. डायव्हरच्या हार्नेसला ती दोरीने जोडलेली असते. ही दोरी इतकीच लांब हवी की सगळी ओढ हार्नेसवर यावी आणि ट्रिगर धरलेला हात कोपरात किंचित वाकलेला, सैल राहावा. दोरी लांब झाली की भार खांद्यावर येतो आणि काही वेळात हात भरून येतो. मग तोल. सोडून दिल्यावर स्कूटर वरही जाऊ नये, खालीही बसू नये, नाक वर किंवा खाली न झुकता आडवी राहावी, यासाठी आत वजने ठेवून ती पुढेमागे सरकवावी लागतात. हा तोल पाण्यागणिक बदलतो. २५ लिटर पाणी बाजूला सारणारी स्कूटर गोड्या पाण्यात समतोल केलेली असेल, तर समुद्रात तिला सुमारे ६०० ग्रॅम वजन आणखी लागते, कारण खारे पाणी अधिक जड असते. बॅटरीचेही तसेच. चार्जरचा हिरवा दिवा बॅटरी भरली एवढेच सांगतो. जुनी झालेली बॅटरी किती मिनिटे पुरेल, हे तो सांगत नाही. त्यासाठी सुरक्षित जागी, पाण्यात, यंत्र बंद पडेपर्यंत चालवून वेळ मोजावा लागतो आणि अधूनमधून ही मोजणी पुन्हा करावी लागते. लिथियमची बॅटरी महिनोन्‌महिने पूर्ण भरलेली ठेवायची नसते, साधारण अर्धी भरून थंड, कोरड्या जागी ठेवायची असते. शिशाच्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून ती बंद नळकांड्यात चार्ज करणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

या सगळ्यात सर्वांत लहान आणि सर्वांत निर्णायक वस्तू म्हणजे झाकणाच्या खाचेत बसणारी रबराची ओ-रिंग. झाकण आणि नळकांडे यांच्यामध्ये ती दाबली जाते, आणि बाहेरच्या पाण्याचा दाब तिला खाचेच्या कडेवर आणखी घट्ट रेटतो. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ९० मीटरवर तो पृष्ठभागावरच्या दाबाच्या दहापट होतो. एवढा दाब पेलणाऱ्या या रिंगला एक केस किंवा वाळूचा एक कण आडवा आला, तरी पाण्याला वाट मिळते. म्हणून ती दर वेळी बाहेर काढायची, बोटांमधून फिरवून चीर किंवा खरखर आहे का हे पाहायचे, खाच स्वच्छ पुसायची आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा. ग्रीस रिंगला वंगण देते, पाणी अडवणे हे ग्रीसचे काम नव्हे. थर जाड झाला की उलट कचराच धरतो. पाण्याबाहेर आल्यावर गोड्या पाण्याने धुणे, प्रोपेलरच्या दांड्याभोवती मासेमारीचा दोरा गुंडाळला गेला नाही ना हे बघणे, आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच झाकण उघडणे, हे ओघाने आलेच. दांड्याच्या सीलमध्ये शिरलेला दोरा सील कापत राहतो, आणि बाहेरून काही कळत नाही.

या कामाचे नैतिक वजन कळायला गुहेत जावे लागते. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये वाकुला स्प्रिंग्ज या झऱ्यापाशी पाण्याने भरलेल्या चुनखडीच्या गुहांचे मोठे जाळे आहे. २००७ साली जॅरड जॅब्लॉन्स्की आणि केसी मॅकिन्ली हे दोन डायव्हर टर्नर सिंक या विवरातून उतरले आणि सुमारे ११ किलोमीटरचा भुयारी मार्ग पार करून वाकुला झऱ्यातून बाहेर आले; मार्गाची खोली ९० मीटरच्या आसपास. स्कूटरशिवाय हे अंतर कोणाच्याही आवाक्यात नव्हते. पण या साध्या वाक्यात एक कठोर हिशेब दडलेला आहे. मिनिटाला ५० मीटर जाणारी स्कूटर ४० मिनिटांत २ किलोमीटर आत नेते. ती तिथे बंद पडली आणि मिनिटाला १५ मीटर या गतीने पोहत परतायचे झाले, तर दोन तासांहून अधिक लागतात, आणि श्वासाचा वायूही त्याच प्रमाणात लागतो. डोक्यावर खडकाचे छत असल्याने सरळ वर जाता येत नाही. म्हणून दूरवर जाणारे डायव्हर जादा स्कूटर मागे ओढत नेतात, आणि परतीचा बिंदू बॅटरी व वायू यांच्या काटेकोर हिशेबाने आधीच ठरवतात. यंत्र माणसाला त्याच्या स्वतःच्या बळाच्या पलीकडे नेऊन ठेवते. तिथून परतणे हे पाण्यात उतरण्यापूर्वी, टेबलावर केलेल्या कामावर अवलंबून असते.

आता फळाचा प्रश्न. ओ-रिंग नीट साफ केली तर काय घडते? काहीच नाही. स्कूटर चालते, जशी ती चालायलाच हवी होती. आणि साफ केली नाही तर? बहुतेक वेळा तेव्हाही काहीच घडत नाही. काळजी आणि हलगर्जी यांचे फळ शंभरातल्या बहुतेक वेळी एकसारखेच दिसते, आणि इथेच फळाकडे डोळे लावणाऱ्याची गोची होते. फळ हाच ज्याचा गुरू, त्याला प्रत्येक सुखरूप फेरी हेच शिकवते की इतकी निगा करायची गरज नव्हती. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यान सात अंतराळवीरांसह नष्ट झाले, ते अग्निबाणाच्या सांध्यातल्या अशाच रबरी ओ-रिंगमुळे. त्या सकाळच्या थंडीने तिची लवचीकता गेली होती. आधीच्या काही उड्डाणांत या रिंगा झिजल्याचे आढळले होते, पण ती उड्डाणे सुखरूप पार पडली आणि झीज चालवून घेण्याजोगी ठरली. चौकशी आयोगाचे सदस्य असलेले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी नेमके यावरच बोट ठेवले: झिजणे हे रिंगच्या रचनेत अपेक्षितच नव्हते, त्यामुळे थोडीच झिजली म्हणून सुरक्षिततेचा निष्कर्ष काढता येत नाही. समाजशास्त्रज्ञ डायन वॉन यांनी १९९६च्या आपल्या ग्रंथात दाखवले की यात कोणी खलनायक नव्हता. विचलन थोडेथोडे करत नेहमीचे झाले होते. मी त्यात एवढेच जोडीन की ते नेहमीचे झाले, कारण फळ चांगले येत होते.

इंग्रज गणितज्ञ विल्यम किंग्डन क्लिफर्ड यांनी १८७७ साली हाच प्रश्न श्रद्धेच्या बाजूने मांडला होता. त्यांच्या दृष्टान्तातला जहाजमालक जुने, डागडुजीला आलेले जहाज प्रवाशांसह समुद्रात पाठवतो. मनात शंका येते, पण इतक्या सफरी सुखरूप झाल्या, देव पाठीशी आहे, असे म्हणत तो ती दडपतो आणि अगदी प्रामाणिकपणे निर्धास्त होतो. जहाज बुडाले तर तो दोषी, हे कोणीही मान्य करील. क्लिफर्ड पुढे जाऊन म्हणतात की जहाज सुखरूप पोहोचले असते तरी तो तितकाच दोषी ठरला असता, कारण तपासणी न करता विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. म्हणजे कर्माचा निवाडा कर्म करतानाच होतो. फळ नंतर येते आणि तो निवाडा बदलू शकत नाही. क्लिफर्ड यांना गीतेचा पक्ष मांडायचा नव्हता, पण वेगळ्या वाटेने ते त्याच ठिकाणी येऊन पोहोचतात.

गीतेकडे नीट पाहिले तर मुळातला आक्षेप कुठे चुकतो तेही दिसते. फळाची आसक्ती सोडणे म्हणजे परिणामांचा विचार सोडणे, असे आक्षेपक गृहीत धरतो. अठराव्या अध्यायात मात्र परिणाम, हानी, दुसऱ्याला होणारी इजा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेल्या कर्माला सरळ तामस म्हटले आहे. परतीच्या वायूचा हिशेब न करता ट्रिगर दाबणाऱ्याला हे वर्णन शब्दशः लागू पडते. त्याच अध्यायातला सात्त्विक कर्ता आसक्तीपासून मुक्त आहे आणि त्याच वेळी धृती व उत्साह यांनी युक्त आहे; आळस आणि दिरंगाई ही लक्षणे तामस कर्त्याच्या वाट्याला आली आहेत. परिणामांचा विचार कर्माचा भाग आहे. आसक्ती ही वेगळी गोष्ट: आलेल्या यशाने फुगणे, त्याचा पुरावा म्हणून वापर करणे आणि पुढच्या वेळी त्याच्या भरवशावर सैल पडणे. गीता ही दुसरी गोष्ट सोडायला सांगते.

यावर एक भक्कम प्रत्याक्षेप आहे. डायव्हर निगा करतो ती मरणाच्या भीतीने. जिवंत परतणे याहून मोठे फळ कोणते? मग हे निष्काम कर्म कसले? पहिल्या काही फेऱ्यांपुरते हे खरे आहे. पण भीती सवयीने बोथट होते, आणि सवय लागते तेव्हाच धोका वाढतो. पन्नासाव्या वेळी तीच रिंग बोटांमधून फिरवताना भीती सोबत नसते. शिवाय भीती ज्याची कल्पना करू शकते तेवढेच तपासते; सीलमध्ये शिरलेला दोरा तिच्या कल्पनेत नसतो. आणि भीती आपल्याच जिवाची असते. स्कूटर बंद पडली तर ओढून आणायचे काम जोडीदारावर येते, त्याच्या वायूतून. भीतीने कामाची सुरुवात होते हे मान्य, पण ती संपल्यावरही जे काम तसेच चालू राहते, त्याला वेगळा आधार लागतो.

दुसरा आक्षेप असा की फळाची ओढ नसलेली, दर वेळी तशीच केलेली निगा हे कर्मकांडच होईल. हा धोका खरा आहे. तपासणीच्या यादीवर खुणा करत जाणारा हात आणि भलतीकडे असलेले मन, हे चित्र कुठल्याही कारखान्यात दिसते. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या ‘गीता प्रवचनां’त कर्म आणि विकर्म यांचा जो मेळ सांगितला, तो इथे उपयोगी पडतो: बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड मिळाली तरच त्याला अर्थ येतो. हे मोघम वाटू नये म्हणून मी एक कसोटी सुचवतो. ज्या तपासणीचे उत्तर ‘नाही’ येऊ शकते आणि ते आले तर आपण आजची डाइव्ह रद्द करायला तयार आहोत, ती तपासणी जिवंत. जिचे उत्तर आधीच ‘होय’ ठरलेले आहे, ती कर्मकांड. लांबचा प्रवास करून, पैसे खर्चून पाण्याच्या काठावर उभा असलेला फलासक्त माणूस ‘नाही’ ऐकूच शकत नाही. चीर दिसली तरी ती त्याला बारीक वाटते. फळावरचा हक्क ज्याने आधीच सोडला आहे, त्यालाच यंत्राची खरी अवस्था दिसते. म्हणून फलत्यागाने लक्ष ढिले पडत नाही. लक्ष निर्मळ ठेवण्याची ती पूर्वअटच आहे.

महागड्या छंदाच्या साधनावर एवढे तत्त्वज्ञान लादावे का, असेही कोणी विचारील. पण ज्या कामांवर आपण सगळे जगतो, त्यांतली बहुतेक याच जातीची आहेत: पुलाच्या सांध्यांची पाहणी, रुग्णालयातल्या प्राणवायूच्या नळ्या, लिफ्टचे दोर, पाण्याच्या टाकीची सफाई. ती नीट झाली की काही घडत नाही, म्हणून ती करणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही, आणि खर्च कापायचा झाला की पहिली कात्री तिथेच लागते. दिसणाऱ्या फळालाच मान देणारा समाज उद्घाटने करीत राहील आणि निगा विसरेल. फलत्यागाची शिकवण आपण बहुधा मनःशांतीचा उपाय म्हणून सांगतो. ती जबाबदारीची शिस्त म्हणून शिकवायला हवी, कारण ज्या कामांचे यश म्हणजे अपघात न होणे, ती कामे याच शिस्तीवर उभी राहू शकतात.