आधी संशय, मग पुरावा

सोलापुरात रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' एवढंच सांगितलं तरी पुरतं. फार तर तो फ्री कॉलनीचा नंबर विचारतो. आजच्या पोरांना तो शहरातला एक पत्ता वाटतो. एके काळी तिथे तारेचं कुंपण होतं, आणि त्या कुंपणाआड जाण्यासाठी गुन्हा शाबीत व्हावा लागत नसे. कैकाडी, पारधी, भामटा अशा जमातीत जन्म झालेला असणं पुरेसं होतं.

या कुंपणामागे एक कायदा होता: इंग्रजांनी 1871 साली केलेला गुन्हेगार जमातींचा कायदा. 1911 च्या सुधारणेनंतर त्याचा अंमल मुंबई इलाख्यातही पसरला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार ठरवली की त्याविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोय नव्हती. युक्तिवाद सरळ होता: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, लोहाराचा लोहार, मग चोराचा मुलगा चोरच होणार. कायदा इंग्रजांचा, पण त्यामागची समजूत त्यांनी आपल्याच गावगाड्यातून उचलली होती. म्हणून तर तो आपल्याला इतक्या लवकर पटला. गावाबाहेर पाल टाकणाऱ्याकडे गाव आधीपासून संशयाने बघतच होतं. सरकारने त्या संशयावर शिक्का मारून दिला. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा धंदा रेल्वेने बुडवला, हे मात्र कुणी विचारात घेतलं नाही. ज्यांचं पोट फिरण्यावर चालायचं, त्यांचं फिरणंच संशयास्पद ठरलं.

हा कायदा रोजच्या जगण्यात कसा उतरायचा, ते बघावं. नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे. ठरल्या वेळी हजेरी. बाहेर जायचं तर पास. पासावर कुठे जाणार आणि कधी परतणार याची नोंद. उशीर झाला तर तोच गुन्हा. आईबापांपासून मुलं तोडून वेगळी ठेवण्याचीही तरतूद होती. बहिणीच्या गावी मयत झाली आणि पासाविना कुणी गेला, की तो गुन्हेगार. त्याची शिक्षा वहीत चढायची, आणि वही पुढच्या साहेबाला सांगायची की बघा, या जमातीत गुन्हे किती! पूर्वग्रहाबद्दल मला मुख्यतः हेच म्हणायचं आहे. आपण त्याला मनातला मळ समजतो, चांगल्या विचारांनी धुऊन निघेल असं मानतो. पण तो मनापेक्षा वहीत जास्त टिकतो. वही स्वतःच पुरावा तयार करते, आणि मग शहाणी माणसंही आकड्यांकडे बोट दाखवून तेच बोलतात. आजही चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या वस्तीत जाते? जिथे आधी जाते, तिथलीच माणसं जास्त पकडली जातात.

माणसं एकत्र आली की गैरसमज गळून पडतात, असं म्हणतात. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 साली या म्हणण्याला अट घातली: एकत्र येणाऱ्यांचा दर्जा समान हवा आणि त्याला व्यवस्थेचा पाठिंबा हवा. सोलापूरच्या गिरण्यांत ही अट मोडूनच माणसं एकत्र आली. सेटलमेंटची माणसं तिथे मजुरीला होती. खात्यात बाकीचे कामगारही होते, पण पाळी सुटल्यावर ते घरी जात आणि हे हजेरीला. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू सगळ्या भाषा सहज रिचवणारं हे शहर. तरी ती तार त्याच्या अंगवळणी पडली.

स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन ती तार तोडल्याची आठवण वस्तीत अभिमानाने सांगतात. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा देशभर रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. मात्र 1959 साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. आता जमातीऐवजी माणसाचं नाव, पण नजर तीच.

ती नजर खाकीपुरती राहिली असती तरी एक वेळ लढता आलं असतं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षा मागत फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. ना पोलीस, ना वही. अनोळखी भटक्याने आपण कोण ते सिद्ध करावं आणि तोवर तो चोर, हा दीडशे वर्षांपूर्वीचा नियम जमावाला कुणी शिकवावा लागला नाही. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. अफवा पाठवणारे हात शिकलेलेही असतात.

3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीनुसार कामवाटप करणारी नियमावली घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींना जन्माने गुन्हेगार मानणाऱ्या नियमांवरही बोट ठेवलं. निकाल मोठा आहे. पण सोलापूरच्या तहसील कचेरीबाहेर जातीच्या दाखल्यासाठी उभ्या असलेल्या तरुणाची अडचण वेगळी आहे. विमुक्त आणि भटक्या जमातींकडे 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. पालात जन्मलेल्या आजोबाचा सातबारा कुठून आणायचा? शाळेचं तर तोंडही न पाहिलेला माणूस तो. पण त्याच्यासारख्या कित्येकांची नावं, ठसे आणि पासाच्या तारखा सरकारनेच रोज लिहून घेतल्या होत्या. त्या वह्यांपैकी जेवढ्या अभिलेखागारात उरल्या असतील, तेवढ्या उघडाव्यात आणि त्या नातवाच्या अर्जाला पुरावा म्हणून जोडून घ्याव्यात.