शब्द कोणाचा?

नववीच्या वर्गात एका मुलाच्या कानात इअरफोन दिसला. आम्ही रागावून तो काढून घेतला. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "सर, नाव उर्दूच आहे. जिया." आम्ही सवयीने तलफ्फुज सुधारला: जिया म्हणजे जीव, मन, झिया म्हणजे प्रकाश. मोबाईल कार्यालयात जमा झाला. प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला.

घरी आम्हीही ते ऐकले. 'ॲज वी कीप सर्चिंग' हा आपल्याच देशातील तरुणांचा बँड. 'ख्वाब' (२०१५), 'झिया' (२०१७), 'रूह' (२०१९) ही त्यांच्या अल्बमची नावे. या संगीताला पोस्ट-रॉक म्हणतात. गिटार, ड्रम तेच. पण मुखडा-अंतऱ्याची चौकट नाही, सूर सावकाश चढत जातो, शब्द थोडे. त्याचे दोन शेजारी आहेत. मॅथ-रॉक ७, ११ अशा विषम मात्रांत चालतो. रूपक ताल ऐकलेल्यांना त्याचे नवल वाटू नये. शूगेझमध्ये गाणाऱ्याचा आवाज गिटारींच्या कल्लोळात मुद्दाम बुडवतात. वादक पायाजवळच्या पेडलांकडे पाहत उभे राहतात, म्हणून १९९० च्या सुमारास ब्रिटिश पत्रकारांनी 'बुटांकडे पाहणारे' असे चिडवले आणि तेच नाव पडले.

शब्द बुडवणे आम्हाला रुचले नाही. प्रत्येक हर्फ स्वच्छ उमटावा, हेच तर आमचे काम. कव्वालही मिसरा पुन्हा पुन्हा म्हणतो, तो मनात उतरावा म्हणून. मग ज्यांनी ही भाषा वर्गात गिरवली नाही, त्यांनी तिचे देखणे शब्द पाटीवर लावावेत का?

पण आधी आपल्या घरात पाहू. संगीताविषयी उलेमांत मतभेद आहेत. तो निवाडा आमचा नव्हे. तिलावतीशी गाण्याची तुलनाही आम्ही करत नाही. एवढेच विचारतो, अरबीचा अर्थ न कळता आपल्यापैकी कितीजणांचे डोळे भरून येतात? अर्थाआधी आवाज पोहोचतो, हे आपल्याला ठाऊक आहे. 'रूह'चा अर्थ आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो, मुले पाठ करतात, गुण मिळवतात. परीक्षेबाहेर असा शब्द आपणहून उच्चारणारा हा पहिलाच मुलगा, आणि त्यालाच आम्ही रागावलो.

शेजारच्या आंबेगाव तालुक्याचे पाहा. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कचेरी घोडेगावात, नाव मात्र आंबेगावचेच. ते गाव पाहिलेली माणसे आहेत तोवर त्या नावात घरे आहेत, अंगणे आहेत. पुढे कुणी सांगितले नाही, तर नुसते नाव उरेल. शब्दाचेही तसेच. बँडने उर्दू नाव घेतले ही चोरी नव्हे. शब्द ज्याला हवासा वाटला, त्याचाही तो झाला. मात्र नुसत्या नावावर भाषा जगत नाही; नावामागचे गाव दाखवणारा कुणीतरी लागतो. ते काम शिक्षकाचे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला फळ्याशी बोलावले. 'झिया' लिहिताना तो पहिल्याच अक्षराला अडला. आम्ही सांगितले: ज्वाद, मग ये, मग अलिफ. नंतर विचारले, "बेटा, हे ऐकताना तुला काय वाटतं?" तो बराच वेळ बोलत राहिला. त्या तासाचा धडा पुढे ढकलावा लागला.