पोटाचे दुखणे आणि कर्मविपाक

शौचावाटे रक्त पडणे, जुलाब, मुरडा, पोटात वारा धरणे ही पूर्वकर्माची फळे मानायची की शरीरातल्या बिघाडाची लक्षणे, हा भारतीय धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. बौद्ध परंपरेत त्याला वेगळीच धार आली, कारण खुद्द बुद्धाचे अखेरचे दुखणे पोटाचे होते. ज्याचे सर्व क्लेश संपले, त्याला रक्तातिसार का व्हावा?

दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात हा प्रसंग येतो. वयाच्या ८०व्या वर्षी बुद्ध पावा येथे धातुकाम करणाऱ्या चुंदाकडे जेवले. पानात सूकरमद्दव नावाचा पदार्थ होता. ते डुकराचे मांस होते की आणखी काही, यावर जुन्या टीकाकारांपासून मतभेद आहेत; धर्मानंद कोसंबी यांनीही ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्याची चर्चा केली आहे. हा पदार्थ इतर कोणाला न वाढता उरलेला पुरून टाकण्यास बुद्धांनी सांगितले. जेवणानंतर त्यांना रक्ताचे जुलाब सुरू झाले, तीव्र वेदना झाल्या आणि त्याच अवस्थेत ते कुसिनारेच्या वाटेला लागले. वाटेत त्यांनी आपला शिष्य आनंद याला बजावले, की चुंदाच्या मनाला टोचणी लागू देऊ नये. ज्ञानप्राप्तीपूर्वीचे भोजनदान आणि हे अखेरचे भोजनदान यांचे पुण्य सारखेच आहे. दुखणे जेवणानंतर उद्भवले, तरी त्याचा दोष जेवू घालणाऱ्याच्या माथी आला नाही.

पुढे कारणाची चर्चा दोन दिशांनी गेली. अपदान या पाली ग्रंथात पूर्वजन्मातले कारण दिले आहे. एका जन्मात बोधिसत्त्व वैद्य होते आणि त्यांनी एका श्रेष्ठीच्या मुलाला रेचक दिले होते. त्या कर्मामुळे बुद्धांना अतिसार झाला, असे तिथे म्हटले आहे. संयुत्तनिकायातील सीवकसुत्त मात्र वेगळी भूमिका घेते. माणसाला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे मानणाऱ्यांविषयी मोळियसीवक नावाचा परिव्राजक विचारतो. उत्तरात वेदनेची आठ कारणे येतात: पित्त, कफ, वात, तिघांचा संनिपात, ऋतूतला बदल, वागण्यातली हयगय, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. कर्म यादीत आहे, पण आठांतले एक म्हणून. सगळेच कर्मामुळे होते असे म्हणणारे प्रत्यक्ष अनुभवाच्या आणि लोकमान्य सत्याच्या पलीकडे जातात, असा तिथला निर्णय आहे.

मिलिंदपञ्हात राजा मिलिंद हाच पेच भिक्खू नागसेनापुढे ठेवतो. पायाला लागलेली कपची, रक्तातिसार, वैद्य जीवकाने दिलेले रेचक, वातविकारासाठी मागवलेले गरम पाणी ही बुद्धांची दुखणी तो एकेक करून मोजतो. अकुशल कर्म संपले असेल तर ही दुखणी का? नागसेन तीच आठ कारणे सांगतो आणि कर्माचा वाटा थोडा, बाकीच्यांचा मोठा, असे उत्तर देतो. चित्त मुक्त झाले तरी देह ऋतू, अन्न आणि त्रिदोष यांच्या कक्षेतच राहतो.

आयुर्वेदाची मांडणी याला जवळची आहे. चरकसंहितेत कर्मज रोगांना जागा आहे, पण दैवाबरोबर पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्नही मानला आहे. आयुष्य पूर्णपणे ठरलेलेच असते तर औषध आणि पथ्य व्यर्थ ठरले असते. अतिसाराच्या प्रकारांत तिथे वात, पित्त, कफ व संनिपात यांच्याबरोबर भय आणि शोक यांपासून होणारे अतिसारही दिले आहेत. मल ही रोग ओळखण्याची खूण ठरते. पाण्यात बुडणारा मल अपक्व आणि तरंगणारा पक्व, अशी कसोटी अपवादांसह सांगितली आहे. आजच्या वैद्यकात तरंगण्याचा अर्थ बदलला आहे. मल बहुधा त्यात अडकलेल्या वायूमुळे तरंगतो. आज रंग अधिक बोलका मानतात. डांबरासारखा काळा, चिकट मल वरच्या अन्नमार्गातील रक्तस्रावाची शक्यता दाखवतो, जरी लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो. पांढरट, मातकट मल पित्त आतड्यापर्यंत पोहोचत नसल्याचे सुचवतो. रक्त दिसणे, मल डांबरासारखा होणे किंवा शौचाची सवय बदलून तशीच राहणे, यांत तपासणी टाळू नये.

‘भोग आहेत, भोगलेच पाहिजेत’ या समजुतीला आधुनिक मराठी वाचकापर्यंत पोहोचलेले ठळक उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी गतजन्मीच्या कर्माचा वारसा बुद्धाच्या अनात्मवादाशी विसंगत ठरवला. दीनदुबळ्यांच्या हालांची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता यावी, यापलीकडे त्या मताचा उपयोग दिसत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे.

ही जबाबदारी विनयपिटकातल्या महावग्गात प्रत्यक्ष दिसते. पोटाच्या विकाराने खंगलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या कामाचा नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, दोघांनी त्याला डोक्याकडून व पायांकडून उचलून मंचकावर ठेवले. त्याने पूर्वी काय पाप केले होते, हा प्रश्न त्या प्रसंगात कोणीच विचारत नाही. त्यानंतर शुश्रूषेचे नियम येतात. रोग्याने औषध घ्यावे आणि दुखणे वाढते आहे, उतरते आहे की तसेच आहे, हे खरेखरे सांगावे. शुश्रूषा करणाऱ्याने मल, मूत्र, थुंकी, वांती काढताना किळस करू नये. लाजेपोटी लक्षण लपवणे आणि किळसेपोटी रोग्याला टाळणे, दोन्ही इथे दोष ठरतात. कर्मविपाक खरा मानला किंवा नाकारला, तरी रोगी आणि शुश्रूषक यांची ही कर्तव्ये बदलत नाहीत.