सिंधूची साक्ष

गेल्या पावसाळ्यांत एके रविवारीं सायंकाळीं सांगवीस आमच्या घरीं चार-पांच स्नेही कुटुंबें जमलीं होतीं. बाहेर पवना दोन्ही कांठ भरून मुळेकडे धांवत होती, आणि आंत राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या नाटकाचें वाचन चाललें होतें. वाचन संपलें, आणि नेहमींप्रमाणें नाटक बाजूस राहून वाद सुरू झाला. एका तरुण अभियंत्यानें विचारलें कीं, कॅनडानें २०१८ सालीं गांजा कायद्यानें खुला केला, जर्मनीनें २०२४ सालीं त्याच वाटेवर पाऊल टाकलें. मग बंदी ठेवून आपणच चोरट्या व्यापाराचें पोषण कां करावें? त्यावर एक सेवानिवृत्त सैनिक म्हणाले कीं, गांजा विकणारास आणि ओढणारास एकाच चौकांत उभें करून फटके मारावे. उभय पक्षांचे आवाज चढले. तेवढ्यांत भिंतीशीं टेकून बसलेल्या एक बाई कांहीं न बोलतां उठल्या आणि घरीं गेल्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं येऊन त्यांनीं आम्हांस जें सांगितलें, त्यामुळें हे चार शब्द लिहिणें आम्हांस भाग पडत आहे.

त्या बाईंचा धाकटा मुलगा गांजाच्या नादीं लागला होता. वर्षापूर्वीं त्यांनीं आडवळणानें आम्हांस विचारलें होतें, "भाऊ, असा एखादा मुलगा असला, तर त्याच्या आईनें कोणास सांगावें?" प्रश्नाचें मर्म आम्हीं तेव्हांच ओळखलें होतें, तरीहि आम्हीं उत्तर दिलें, "सध्यां कोणास सांगूं नये, वहिनी. पोलिसांच्या वहींत एकदां नांव चढलें म्हणजे जन्माचें नुकसान." त्या गप्प राहिल्या. त्या एका वर्षांत मुलाचें शिक्षण सुटलें, कपाटांतील दोन दागिने गेले, आणि 'त्याची प्रकृति बरी नसते' असें शेजाऱ्यांस सांगण्यांत आईचे दिवस गेले. "तुमच्या सल्ल्याचा मला राग नाहीं," त्या म्हणाल्या, "पण काल सिंधू खोटें बोलली तेव्हां सगळ्यांनीं डोळे पुसले. मी रोज तेंच करतें, भाऊ."

या एका वाक्यानें आदल्या रात्रीचा सारा वाद आम्हांस पोकळ वाटूं लागला. मादक पदार्थ खुले असावे कीं बंद असावे, हा प्रश्न खोटा नाहीं. परंतु तो विचारतांना आपण ओढणाऱ्याचें स्वातंत्र्य मोजतों, विकणाऱ्याचा नफा मोजतों, सरकारचें उत्पन्न मोजतों. भिंतीशीं टेकून बसलेल्या माणसाचें मोजमाप मात्र कोणत्याच पक्षाच्या हिशेबांत येत नाहीं.

गडकऱ्यांनीं तें घेतलें होतें. १९१९ च्या जानेवारींत त्यांचें निधन झालें, आणि त्याच वर्षीं हें नाटक रंगभूमीवर आलें. सनद गमावल्याच्या अपमानानें पोळलेल्या सुधाकराच्या हातीं तळीराम पहिला प्याला देतो, ही कथा मराठी वाचकांस सांगावयास नको. तिच्यांतील सर्वांत भेसूर भाग आमच्या मतें तिचा शेवट नसून तिच्यांतील विनोद हा आहे. तळीराम आणि त्याचे सोबती 'आर्य मदिरा मंडळ' चालवितात; एखाद्या सुधारक संस्थेच्या थाटांत तेथें भाषणें होतात, मद्याचें समर्थन होतें, आणि प्रेक्षक पोट धरून हंसतात. हंसतां हंसतां एखाद्यास जाणवतें कीं, या मंडळींचे युक्तिवाद आपण इतरत्र गंभीर चेहऱ्याच्या माणसांकडून ऐकलेले आहेत. व्यसन घरांत शिरतें तें वेडाच्या पायांनीं नव्हे; तें तर्काच्या पायांनीं शिरतें. मंडळाची बैठक उठते, आणि तिचा खर्च सिंधू लोकांचीं दळणें दळून भागविते.

इंग्रजी अमलांत हें मंडळ सरकारी कचेरींतहि भरत असे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें दारूच्या उत्पादनावरील व विक्रीवरील सरकारची पकड घट्ट झाली, आणि अबकारी हा महसुलाचा एक मोठा झरा बनला. १८८० सालीं पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुले यांनीं शहरांतील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. पुढें १८९३ सालीं गांजा, भांग व चरस यांच्या चौकशीसाठीं सरकारनें एक आयोग नेमला. सुमारें १,२०० साक्षी घेऊन १८९४ सालीं आयोगानें निर्णय दिला कीं, माफक सेवनानें विशेष अपाय होत नाहीं, अतिरेकानें होतो. म्हणून संपूर्ण बंदी न करतां कर व परवाने यांनीं नियंत्रण ठेवावें, नाहीं तर लोक अधिक घातक पदार्थांकडे वळतील. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदीहि आयोगानें तपासल्या, आणि वेडाचें कारण म्हणून गांजाचें नांव पुष्कळदां पुरेशा चौकशीवांचून लिहिलें जात होतें, असें त्यास आढळलें. ही तपासणी प्रामाणिक होती, हें मान्य केलें पाहिजे. तरीहि ज्या सरकारच्या तिजोरींत गांजाचा कर पडत होता, त्याच सरकारनें नेमलेल्या आयोगानें कर चालूं ठेवण्याची शिफारस करावी, हें पाहून तळीराम गालांतल्या गालांत हंसला असता.

स्वराज्य आल्यावर पारडें दुसरीकडे झुकलें. १९४९ सालीं मुंबईचा दारूबंदी कायदा झाला. महाराष्ट्रांत तो आजहि लागू आहे, आणि दारूचीं दुकानेंहि आहेत! कायद्याप्रमाणें पिणारास परवाना लागतो, आणि तो प्रकृतीच्या जतनासाठीं दिला जातो. आर्य मदिरा मंडळास याहून सुंदर नियम सुचला नसता. गांजाची गोष्टहि अशीच. १९८५ च्या केंद्रीय कायद्यानें गांजा व चरस निषिद्ध ठरविले, परंतु त्याच झाडाचीं नुसतीं पानें व्याख्येबाहेर ठेविलीं. यामुळें एकाच झाडाच्या फुलोऱ्यास तुरुंग आणि पानास शिवरात्रीचा मान. याच कायद्यांत मात्र एक शहाणपणाचें कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य स्वखुषीनें मान्य संस्थेंत उपचारास गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाहीं. उपचार अर्ध्यावर सोडला तर हें संरक्षण काढून घेतां येतें. आम्हांस वर्षापूर्वीं हें ठाऊक नव्हतें, आणि आम्हीं तें शोधलेंहि नाहीं. आम्हीं कायद्याचें भय तेवढें सांगितलें. त्याची दया सांगितली नाहीं.

कोणी म्हणेल कीं, मग बंदीच काढून टाका. परंतु दारू खुली असलेल्या मुंबईंतच २०१५ सालीं मालवणींत विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. ज्याच्या खिशांत दोन पैसे कमी, त्यास खुल्या दुकानानें वांचविलें नाहीं. कोणी म्हणेल कीं, मग बंदी कडक करा. चंद्रपुरांत त्याच वर्षीं एप्रिलमध्यें दारूबंदी झाली, आणि चोरटा धंदा वाढल्याचें कारण देऊन सरकारनें २०२१ सालीं ती उठविली. तेथील बंदीसाठीं वर्षानुवर्षें चळवळ केली ती स्त्रियांनीं, हें मात्र विसरतां येणार नाहीं. आमच्या विवेचनास सर्वांत कठीण हरकत येथेंच आहे: सिंधूच जर दुकान बंद करा म्हणते, तर आम्ही तिला शहाणपण शिकविणारे कोण?

आम्हांस वाटतें कीं, तिची मागणी नीट ऐकली पाहिजे. आपल्या राज्यांत गांवांतील स्त्रियांस मतदानानें दारूचें दुकान बंद करतां येतें. 'उभी बाटली, आडवी बाटली' या नांवानें तें मतदान प्रसिद्ध आहे. तेथें ज्या बाया आडव्या बाटलीस मत देतात, त्या नवऱ्यास तुरुंगांत घाला असें म्हणत नाहींत. प्याला त्याच्या हातापासून दूर न्या, आणि माणूस आम्हांस परत द्या, एवढेंच त्यांचें म्हणणें. गर्दचा विळखा मुंबई-पुण्यास पडला, तेव्हां १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं पुण्यांत 'मुक्तांगण' सुरू केलें, त्याच्या मुळाशींहि हीच दृष्टि होती: व्यसनी हा आधीं रोगी आहे.

म्हणून मादक पदार्थांच्या कोणत्याहि कायद्यास, तो खुला करणारा असो वा बंद करणारा असो, आम्ही एकच कसोटी लावूं इच्छितों: या कायद्याखालीं सिंधूस खोटें बोलावें लागतें काय? नाटकाच्या शेवटीं सुधाकराच्या हातून मूल मेलेलें आहे, ती स्वतः मरणाच्या दारीं आहे, आणि पोलिसांपुढें ती नवऱ्यास वांचविण्यासाठीं असत्य सांगते. शंभर वर्षें आपण त्या असत्यास पातिव्रत्याची परिसीमा म्हणून वंदन करीत आलों. त्या माउलीच्या थोरवीविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु तिच्यापुढें एकीकडे फांस आणि दुसरीकडे मौन एवढींच दोन दारें होतीं, याची लाज कोणास वाटली काय? ओढणाऱ्यास तुरुंग दाखविणारा कायदा आईचें तोंड बंद करतो. विक्रींतून सरकारचें पोट भरणारा कायदा तिला बोलूं देतो, पण ऐकत नाहीं. पहिल्याचें शासन विकणाऱ्यापुरतें ठेवावें, दुसऱ्याचा लोभ काढून टाकावा, आणि या दोहोंच्या मधल्या जागेंत उपचाराचें दार रात्रंदिवस उघडें असावें, यापलीकडे आम्हांस मार्ग दिसत नाहीं.

तो मुलगा आतां एका व्यसनमुक्ति केंद्रांत आहे. बरा होईल कीं नाहीं, हें कोणी खात्रीनें सांगत नाहीं. त्यास पोंचवून आल्यावर बाई आमच्या दारावरून जात होत्या. शेजारीण वाटेंत भेटली आणि नेहमींप्रमाणें विचारती झाली, "धाकट्याची प्रकृति कशी आहे?" बाई क्षणभर थांबल्या, आणि म्हणाल्या, "त्याला गांजाचें व्यसन आहे. उपचाराला ठेवलें आहे." शेजारणीनें कांहीं न बोलतां त्यांच्या हातांतील जड पिशवी घेतली, आणि दोघी घराकडे चालूं लागल्या.