सांगितलंस ते बरं केलंस

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये या गावानं ठरवलं, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. करोनात शाळा मोबाइलवर भरली होती. पुढे वर्ग उघडले, तरी मुलांच्या हातातला फोन सुटेना, म्हणून गावानं ही वाट काढली. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायतीची माणसं घरोघर सांगत फिरली. बातम्यांमध्ये भोंग्याचं कौतुक पुष्कळ झालं. मला त्यात मोलाचं वाटलं ते हे, की तिथे मोठ्यांनीही आपला फोन बाजूला ठेवला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावानं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी करणारा ठराव केला. कळकळ दोन्हीकडे सारखीच आहे. तरी मला वडगावची वाट जास्त पटते. ज्या दीड तासात घरातलं कुणीच पडद्यात डोकं घालून बसलेलं नाही, त्या दीड तासात मूल मनातलं काहीतरी बोलू शकतं. इंटरनेटवरच्या वाईटापासून लहान मुलाला वाचवणारी पहिली गोष्ट मला हीच वाटते : ते घरात वेळेवर कुणाला तरी सांगतं की नाही.

आपल्याकडे सहा-सात वर्षांच्या मुलाचा स्वतःचा फोन सहसा नसतो. ते आईचा किंवा आजोबांचा फोन घेतं. यामुळे आपण निर्धास्त राहतो, आणि नेमकी इथेच गफलत होते. बहुतेक समाजमाध्यमांनी खातं उघडायला किमान वय तेरा ठेवलं आहे, पण मूल बघत असतं ते आईच्या खात्यावरून. त्या यंत्रणेच्या हिशेबी समोर तीस-पस्तिशीची बाई बसलेली असते. त्या वयाच्या माणसाला दाखवायच्या जाहिराती आणि सुचवायचे व्हिडिओ पहिलीतल्या मुलासमोर येत राहतात. एक बडबडगीत संपतं, दुसरं आपोआप सुरू होतं, आणि पोळ्या होईपर्यंत मूल कुठल्या कुठे पोचलेलं असतं. २०१७ मध्ये तर मुलांच्या लाडक्या कार्टून पात्रांचं रूप घेतलेले हिंसक आणि अश्लील व्हिडिओ खास मुलांसाठीच्या यूट्यूब किड्सपर्यंत पोचल्याचं उघड झालं होतं. ते काढून टाकायला कंपनीला मोठी मोहीम हाती घ्यावी लागली.

यावर करता येण्यासारखं बरंच आहे आणि ते अवघड नाही. यूट्यूब किड्समध्ये शोधण्याची सोय बंद करता येते, आपण निवडलेलंच दिसेल असंही ठेवता येतं. अँड्रॉइड फोनवर स्क्रीन पिन केली किंवा आयफोनवर गाइडेड ॲक्सेस लावला, की मूल त्या एकाच ॲपमध्ये राहतं. ऑटोप्ले बंद करावा, खरेदीला पासवर्ड लावावा. आपल्याला जमत नसेल तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला किंवा पोरीला शेजारी बसवून हे करून घ्यावं. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचा सल्ला असा आहे, की दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा नकोच, फार तर घरच्यांशी व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस सोबत असताना.

पण कुलपं लावून सगळं भागत नाही. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की गेम खेळू लागतं आणि गेममध्ये अनोळखी माणसं बोलायला येतात. यातला वाईट हेतूचा माणूस पहिल्याच दिवशी वाईट वागत नाही. तो खेळाची तारीफ करतो, गेममधले डायमंड देतो, घरी कोण रागावतं ते आस्थेनं विचारतो. मग म्हणतो, इथे नको, व्हॉट्सॲपवर बोलू. मग एक फोटो मागतो. आणि शेवटी बजावतो, "आईला सांगू नकोस हं, ती तुझा फोन काढून घेईल."

ही धमकी लागू पडते, कारण ती खरी आहे हे मुलाला माहीत असतं. तेच वाक्य आपण त्याला अनेकदा ऐकवलेलं असतं. जेवताना फोन काढून घेईन, मार्क कमी पडले तर काढून घेईन, भावाला मारलंस तर काढून घेईन. परका माणूस आपल्याच घरातली भीती उचलतो आणि आपल्याच मुलाचं तोंड बंद करतो. माझी कळकळीची विनंती आहे, की वेळ मोजून फोन खाली ठेवायला जरूर लावा, पण काही सांगितल्याची शिक्षा म्हणून तो कधी काढून घेऊ नका. आणि काही घडायच्या आधीच मुलाला शब्द द्या : "कुणी काही घाणेरडं दाखवलं, फोटो मागितला, पैसे किंवा ओटीपी मागितला, तर मला सांग. मी ओरडणार नाही आणि फोनही काढून घेणार नाही." त्यासाठी समोर बसवून व्याख्यान द्यायला नको. वेणी घालताना किंवा स्कूटरवरून शाळेत सोडताना मुलं सहज बोलतात, कारण तेव्हा डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. त्यांना हेही सांगावं, की बाबांच्या वाढदिवसाची गंमत लपवायला हरकत नाही, ती दोन दिवसांनी सगळ्यांना कळणारच असते. पण घरात कधीच कुणाला सांगायचं नाही असं जे कुणी बजावेल, ते सगळ्यात आधी घरात सांगायचं.

आपणही थोडं आवरायला हवं. शाळेचा गणवेश, बसचा नंबर आणि सोसायटीची पाटी दिसेल असा फोटो स्टेटसला ठेवला, की अनोळखी माणसाला मुलाचा सगळा दिनक्रम मिळतो.

आणि मुलानं एखाद्या दिवशी खरंच काही सांगितलं, तर आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघावं, "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही." एकदा शांतपणे ऐकून घ्या, तेच तेच खोदून विचारू नका. समोरच्याचा नंबर, खात्याचं नाव आणि झालेलं बोलणं पुसू नका. मुलाचा तसला फोटो असेल तर तो सल्ला विचारायलासुद्धा कुणाला पुढे पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्यानं तोही गुन्हा ठरतो. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे आणि पैसे गेले असतील तर १९३०. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या लैंगिक छळाच्या चित्रांची तक्रार नाव न देताही करता येते. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलाची ओळख जाहीर करता येत नाही, त्यामुळे चार लोक काय म्हणतील या धास्तीनं थांबू नका. तपासासाठी तो फोन पोलिसांकडे द्यावा लागला, तर तो का द्यावा लागतोय आणि आपला शब्द आपण कसा मोडलेला नाही, हे आधी मुलाजवळ बसून त्याला सांगा.